अथातो भित्तिजिज्ञासा

रॅकेटबॉलविषयीचे विद्वान रॅकेट आणि बॉल या दोन गौण घटकांभोवतीच घोटाळत राहिले आहेत. या खेळाचे मुख्य तत्त्व भिंत होय, असे आमचे प्रतिपादन आहे. आणि भिंतीचा विचार करायचा तर तो गोंदिया जिल्ह्यात बसूनच करावा, हे उपप्रतिपादन.

आधी इतिहास. 1950 साली अमेरिकेतल्या ग्रीनिच गावी, वायएमसीएच्या हँडबॉल कोर्टात जो सोबेक नावाचे गृहस्थ आखूड दांड्याची रॅकेट घेऊन शिरले. कोर्ट आधीच उभे होते, त्यामुळे नव्या भिंतीसाठी कुणाकडे अर्ज करावा लागला नाही. खेळ देशभर पसरला तो याच कारणाने, कारण हँडबॉलची कोर्टे गावोगाव होती. पुढे 1981 च्या पहिल्या वर्ल्ड गेम्समध्ये आणि 1995 मध्ये पॅन अमेरिकन स्पर्धांत त्याला स्थान मिळाले. 2007 च्या रिओतल्या स्पर्धांतून मात्र तो गळला आणि 2011 मध्ये ग्वाडलाहाराला परत आला. यावर पूर्वपक्षाचे म्हणणे असे, की खेळच लोकप्रिय नसावा. हे साफ खोटे आहे. खेळाडू होते, चेंडू होते. कोर्ट बांधायचा खर्च यजमानांना नको होता. म्हणजे एका अख्ख्या खंडाच्या क्रीडास्पर्धेत जे अडले, ते चार भिंतींपाशी.

आता समजा, नागपूर विभागाच्या क्रीडास्पर्धांत उद्या रॅकेटबॉल आला आणि यजमानपद गोंदियाकडे आले. क्रीडागुण मिळणार म्हटल्यावर खेळाडूंची वानवा पडणार नाही, हे आम्ही गृहीत धरतो. प्रश्न कोर्टाचा. कोर्ट लागते 40 फूट लांब, 20 फूट रुंद, 20 फूट उंच. बॅडमिंटनचे कोर्ट 44 बाय 20 असते, म्हणून काही उतावीळ मंडळी बॅडमिंटन हॉलकडे बोट दाखवतील. मापे जवळपास जुळतात खरी. फक्त भिंती तेवढ्या उभ्या करायच्या राहतात.

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा धानाचा आहे. धान म्हटले की राईस मिल, आणि मिल म्हटली की गोदाम. आमगाव-तिरोड्याच्या वाटेवर जी लांबलचक बिनखिडक्यांची भिंत दिसते, ती रॅकेटबॉलची फ्रंट वॉल आहे. मालकाला अजून कुणी सांगितलेले नाही, इतकेच.

वेळापत्रकही जुळते. उन्हाळी धानाची खरेदी जूनच्या आसपास आटोपते, खरिपाची दिवाळीच्या सुमाराला सुरू होते, आणि शालेय स्पर्धांचा हंगाम बराचसा नेमका या दोहोंच्या मधे येतो. भरडाई लांबून थप्प्या तशाच राहिल्या तर? एका टोकाला आठ फूट थप्पी असेल, तर उरते 32 फूट. ही स्क्वॉशच्या कोर्टाची लांबी! त्या वर्षी स्क्वॉश घ्यावा. रुंदी फूटभर कमी भरेल, पण तेवढे संयोजन समितीने बघून घ्यावे.

जमिनीचा मुद्दा नाजूक आहे. नियमाप्रमाणे चेंडू 100 इंचांवरून सोडला तर 68 ते 72 इंच उसळला पाहिजे. गोदामाचा कोबा चांगला असतो. त्यावर झाडूतून निसटलेले धानाचे चार दाणे असतात, ती अडचण. त्या दाण्यावर पडलेला चेंडू कुठे जाईल, हे भौतिकशास्त्राला सांगता येईल, खेळाडूला नाही. सामन्याआधी दोनदा झाडणे हा आमच्या मते नियमावलीतच घालावयाचा भाग आहे.

खरा पेच छताचा. रॅकेटबॉलमध्ये छताला लागलेला चेंडू बाद नसतो. उलट, अनुभवी खेळाडू मुद्दाम छताला मारून प्रतिस्पर्ध्याला मागच्या भिंतीशी पळवतात. पण आपले छत पत्र्याचे आणि उतरते. सपाट छतासाठी घोटलेला हा फटका इथे कुणाच्या डोक्यावर उतरेल ते सांगवत नाही. त्यात सालेकसा-देवरीकडून येणारी सर पत्र्यावर सुरू झाली, की पंचाचे तोंड हललेले दिसेल, निकाल ऐकू येणार नाही. यावर तोडगा कबड्डीच्या पंचांकडून शिकावा: हात असे उंच करावेत, की सांगायला तोंड लागूच नये.

राहता राहिला 'हिंडर'. दरवाज्याची कडी वा तसल्या एखाद्या वस्तूने चेंडू भलतीकडे वळला तर रॅली पुन्हा खेळतात. गोदामात शटर आहे, तराजूचा हुक आहे, लाकडी फळ्या आहेत, आणि मांजर तर असतेच. नियम काटेकोरपणे लावले तर पहिली रॅली संपायला दुसरा दिवस उजाडेल. म्हणून आमची शिफारस: मांजर सोडून बाकी सगळे खेळात धरावे.

1870 च्या दशकात पुण्याच्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी बॅडमिंटनला नियम दिले आणि पुणे अजून ते सांगत असते. गोंदियाने गोदाम द्यावे, म्हणजे आपल्यालाही पुढली दीडशे वर्षे सांगायला काहीतरी होईल. इच्छुक मिलमालकांनी दिवाळीपूर्वी कळवावे. चेंडू मात्र दोन आणावेत. एक थप्पीमागे जाणार हे धरून चालावे.