मुखलेपाची जमाबंदी

भूमीचे, रयतेचे आणि व्याधींचे वर्गीकरण करून झाल्यावर मनुष्याच्या हाती जो रिकामा वेळ उरला, त्यात त्याने स्वतःच्या चेहऱ्याचे वर्गीकरण आरंभिले असावे, असा माझा पूर्वीपासूनच संशय होता; परंतु हे वर्गीकरण चंद्रपूर मागे टाकून, आलापल्लीचे अरण्य ओलांडून, प्राणहितेच्या काठी आमच्या सिरोंच्यास येऊन पोहोचेल आणि प्रत्यक्ष माझ्याच मुखमंडलावर मुक्काम ठोकील, याची मात्र मला कल्पना नव्हती.

वस्तुतः वर्गीकरण ही गोष्ट सिरोंचेकरांना नवी नाही. 1860 साली निजामाकडून इंग्रजांकडे आलेला हा मुलुख प्रथम ‘अप्पर गोदावरी’ जिल्हा म्हणून दप्तरी नोंदला गेला आणि सिरोंचा त्या जिल्ह्याचे मुख्य ठाणे ठरले. 1874 साली तो जिल्हाच मोडीत निघून आम्ही चांदा जिल्ह्याची एक तहसील झालो. पुढे मध्यप्रांत मागे पडून 1956 साली मुंबई राज्य आले, 1960 साली महाराष्ट्र आला, आणि 1982 साली गडचिरोली जिल्हा निर्माण झाला तेव्हा आम्ही त्याच्या दक्षिण टोकाशी जाऊन बसलो. नदीपलीकडे तेलंगण, पूर्वेस छत्तीसगड, घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि कचेरीत ज्या भाषेने काम होईल ती भाषा, अशा गावातील मनुष्यास कोणी येऊन “तुम्ही मिश्र आहात” असे सांगितले, तर त्याला धक्का बसण्याचे काही कारण नाही. मला तो बसला, याचे कारण एवढेच की, सांगणारी माझी सख्खी पुतणी होती, आणि ती माझ्या भाषेविषयी नव्हे, तर नाकाविषयी बोलत होती.

पुतणी नागपूरची. ऐन मे महिन्यात, जेव्हा येथील पारा 45 अंशांच्या पुढे सरकतो आणि कावळेदेखील दुपारचे कामकाज तहकूब ठेवतात, तेव्हा ती सुट्टीला आली. आणि आल्याबरोबर मी, आमच्या सौभाग्यवती, आमच्याकडे मुक्कामास असलेले मेहुणे आणि शेजारच्या अव्वा, अशा चौघांच्या मुखांची तिने रीतसर पाहणी केली. या पाहणीची पद्धत अशी की, चेहरा धुऊन, त्यावर काहीही न लावता, अर्धा-पाऊण तास स्वस्थ बसायचे आणि मग पातळ कागदाने तो ठिकठिकाणी टिपायचा. कागदावर सर्वत्र तेलाचे डाग उमटले तर त्वचा तेलकट. कोठेच न उमटता कातडे ताणल्यासारखे वाटले तर कोरडी. कपाळ, नाक व हनुवटी एवढ्यापुरतेच उमटले तर मिश्र. आणि कागदाच्या नुसत्या स्पर्शाने लाली आली तर संवेदनशील. सिरोंच्यात मे महिन्यात पाऊण तास बसल्यावर कागदावर जे उमटते त्यात तेल किती आणि घाम किती, याचा निवाडा कोणी करायचा, असा आक्षेप मी नोंदवला. तो फेटाळण्यात आला.

“काका, तुमची त्वचा मिश्र आहे. कपाळ आणि नाक तेलकट, गाल कोरडे.”

ज्याचा उभा जन्म महसूल खात्याच्या दप्तरात गेला, त्याला हे समजण्यास वेळ लागला नाही. कपाळ, नाक आणि हनुवटी हे बागायत. दोन्ही गाल जिरायत. मिशीखालील क्षेत्र राखीव वन. आणि मस्तकाचा जो भाग अलीकडे उघडा पडला आहे, तो पडीक. पुतणीने प्रामाणिकपणे असाही खुलासा केला की, तैलग्रंथी कपाळावर व नाकावरच दाट असल्यामुळे पुष्कळशा माणसांचे चेहरे थोडेफार मिश्रच असतात. सौभाग्यवती कोरड्या निघाल्या, मेहुणे तेलकट निघाले, आणि हे दोन्ही निष्कर्ष मी विवाहानंतरच्या पहिल्याच वर्षी, कागदाच्या साहाय्यावाचून काढलेले होते.

चेहऱ्यांची ही प्रतवारी फार प्राचीन आहे असेही नव्हे. कोरडी, तेलकट आणि साधारण असे त्वचेचे वर्ग पाडून प्रत्येकीस निराळे मलम विकण्याच्या युक्तीचे श्रेय, पोलंडातून ऑस्ट्रेलियात जाऊन सौंदर्यप्रसाधनांचे साम्राज्य उभारणाऱ्या हेलेना रुबिनस्टाइन या बाईंना दिले जाते. म्हणजे ही कल्पना जेमतेम शतकभराच्या वयाची. पुढे 1975 साली हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी, उन्हात कोणाची कातडी भाजते व कोणाची काळवंडते यावरून आणखी एक तक्ता तयार केला, आणि त्यात आरंभी सारे गोऱ्यांचेच चार वर्ग होते. सावळ्या व काळ्या त्वचेसाठी पाचवा आणि सहावा वर्ग मागाहून जोडण्यात आला. याचा अर्थ असा की, उन्हाविषयीच्या त्या पहिल्या तक्त्यात आमचा अख्खा सिरोंचा तालुका गैरहजर होता, आणि उन्हाची खबर जर कोणास विचारायची तर ती आम्हासच विचारायला हवी होती.

असो. प्रतवारीनंतर आकारणी ओघानेच आली, आणि ती स्वयंपाकघरात झाली. ओट्यावर तीन वाट्या मांडल्या गेल्या. तेलकट त्वचेसाठी मुलतानी माती गुलाबपाण्यात भिजवण्यात आली; या मातीचे सूक्ष्म कण तेल शोषून घेतात, आणि पूर्वी लोकरीतील स्निग्धता काढण्यासाठी गिरण्यांतून अशीच माती वापरीत, ही माहिती ऐकून मेहुण्यांच्या मुखावर लोकरीस व्हावे तितपतच समाधान दिसले. कोरड्या त्वचेसाठी दुधात वाटलेली चारोळी, त्यात साय आणि रानातला मध; मध ओलावा धरून ठेवतो आणि चारोळीचे तेल त्वचेस मऊपणा देते. संवेदनशील त्वचेसाठी किसलेली काकडी व ताजे दही, तेही प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून, एक दिवस वाट पाहून, खाज-लाली न आल्यासच चेहऱ्यावर. मिश्र त्वचेला मात्र स्वतंत्र वाटी नव्हती. माझ्या बागायतीस माती आणि जिरायतीस चारोळी असा दुहेरी आकार बसला, आणि त्यांच्या मधल्या बांधावरून दोन्ही लेपांत हद्दीचा तंटा सुरू झाला.

खरा तंटा मात्र चारोळीवरून झाला. आमच्या अरण्यात चाराची झाडे विपुल. उन्हाळ्यात त्याची फळे वेचून, बिया फोडून, आतील मगज काढण्यात गावोगावच्या बायांचे दिवसचे दिवस जातात, आणि म्हणूनच बाजारात तिचा भाव ऐकून मनुष्य क्षणभर बहिरा झाल्याचे सोंग करतो. सौभाग्यवतींनी पाट्यावरील ती पांढरी उटी पाहिली मात्र, त्यांच्या कोरड्या त्वचेसही घाम फुटला.

“श्रीखंडावर घालताना दाणे मोजायचे, आणि गालाला मूठ मूठ फासायची होय गं?”

“काकू, तुमच्यासाठीच वाटलीय,” असे पुतणीने म्हणताच त्या विरघळल्या, हे खरे; परंतु लेप धुतला जाताना त्यांची नजर आरशाकडे नसून मोरीकडे होती, हेही तितकेच खरे.

याच सुमारास मेहुण्यांनी स्वतंत्र कारभार आरंभिला. मुलतानी माती ही मातीच, तिने काय व्हायचे आहे, अशा विचाराने त्यांनी एक लिंबू कापून त्याच्या दोन्ही फोडी कपाळावर व नाकावर यथेच्छ चोळल्या, आणि तसेच ते आंबे राखण्यासाठी परसात जाऊन बसले. निरोगी त्वचा स्वभावतःच किंचित आम्ल असते. तिचा आम्लांक पाचाच्या आसपास, तर लिंबाच्या रसाचा दोनाच्या आसपास. आणि या मोजणीत एकेक पायरी दसपटीची असल्यामुळे, लिंबू हे त्वचेहून सुमारे हजारपट आम्ल ठरते. त्यातून लिंबाच्या सालीत अशी काही द्रव्ये असतात की, ती कातडीवर असताना ऊन लागले तर एक-दोन दिवसांत तेथे भाजल्यासारखा दाह होऊन मागे काळसर डाग उरतात. गोरे होण्याच्या हेतूने निघालेला मनुष्य अशा रीतीने विरुद्ध दिशेच्या मुक्कामी पोहोचला, आणि त्याच्या नाकावरील तो पट्टा पाहून पुतणीने त्याची नोंद तेलकटातून संवेदनशीलात केली. आमच्या घरातील हा पहिला फेरफार.

अव्वा हे सर्व ओसरीवरून पाहत होत्या. तीन वाट्या पाहून त्या तेलुगूत जे म्हणाल्या त्याचा आशय असा, की तोंड माणसाला एकच, मग पीठ तीन कशाला? त्यांच्या घरी सणावारी व लग्नकार्यी न्हाण्याआधी अंगाला लावायचे सुन्निपिंडी हे एकच पीठ: मूग, हरभऱ्याची डाळ, तांदूळ, कचोरा आणि हळद, सारे उन्हात कडकडीत वाळवून, दळून, वस्त्रगाळ केलेले. आपल्या नरकचतुर्दशीच्या उटण्याची ही सख्खी बहीणच. तेलकटाने ते पाण्यात कालवावे, कोरड्याने दुधाच्या सायीत, आणि मिश्राने निमूटपणे, असा त्यांचा सोपा कायदा.

या पिठातील हळद ही तर वर्गीकरणास हार मानायला लावणारी वस्तू आहे. ती स्वयंपाक आहे, औषध आहे, सौभाग्य आहे, की शृंगार आहे? नागपुरात किराणा दुकान चालवून पुढे मुंबईस गेलेल्या केशव विष्णू पेंढरकरांनी 1952 साली जी विको कंपनी स्थापन केली, तिच्या हळदीच्या मलमावरून हाच प्रश्न अबकारी खात्यास पडला. मलम प्रसाधन ठरले तर कर जबर, औषध ठरले तर माफक. ही फिर्याद वर्षानुवर्षे चालून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि अखेर ते मलम औषधच आहे हे कायम झाले. हाच प्रश्न अव्वांना कोणी विचारला असता, तर त्यांनी विचारणाऱ्याच्याच तोंडास हळद फासून प्रकरण निकाली काढले असते.

दोन पक्षांत असा पेच पडल्यावर वरिष्ठांकडे अपील करणे हा माझा जुना परिपाठ. म्हणून मी वाग्भटाचे अष्टांगहृदय उघडले. त्याच्या सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात मुखलेपाचे प्रकरण आहे, आणि ते वाचून माझी खात्री झाली की, हा आचार्य पूर्वजन्मी जमाबंदी कामगार असला पाहिजे. लेप तीन प्रकारचे: दोष घालवणारा, विष उतरवणारा व वर्ण उजळणारा; त्यांच्या जाड्याही तीन: अंगुळाचा चतुर्थांश, तृतीयांश व अर्धा. विशेष म्हणजे माणसाच्या त्वचेवरून नव्हे, तर ऋतूवरून त्याने सहा लेप सांगितले आहेत. ग्रीष्मासाठी त्याने कुमुद, उत्पल व कल्हार अशी तीन प्रकारची कमळे, दूर्वा, ज्येष्ठमध आणि चंदन यांची योजना केली आहे. मे महिन्यात आमच्या मुलखातील जुने मालगुजारी तलाव तळाशी भेगा दाखवीत असताना एक नव्हे तर तीन जातींची कमळे हुडकण्यास कोणास पाठवावे, हे मात्र आचार्यांनी सांगितलेले नाही.

याहून अवघड भाग अपात्रतेचा. ज्यास पडसे आहे, अजीर्ण आहे, तोंडास चव नाही, किंवा रात्री जागरण घडले आहे, त्याने लेप लावू नये. आता, आदल्या रात्री वीज गेल्यामुळे आम्हा सर्वांचे जागरण झालेले होते; आणि सिरोंच्याचा ‘कलेक्टर’ नावाचा जो प्रसिद्ध आंबा, ज्याचे एकेक फळ किलोच्या घरात जाते, त्याच्या हंगामात येथे अजीर्ण नसलेला मनुष्य मिळणे दुरापास्त. तेव्हा शास्त्राप्रमाणे पाहता चौघांचेही अर्ज नामंजूर होण्यास पात्र होते.

परंतु त्याच प्रकरणात पुढे एक असे कलम आढळले की, त्यापायी मी उरलेल्या सर्व अटींकडे काणाडोळा करण्यास तयार झालो. मुखावर लेप असेतोवर मनुष्याने दिवसा निजू नये, बोलू नये, विस्तवाजवळ वा उन्हात जाऊ नये, शोक करू नये आणि क्रोध करू नये. हे वाचताच इतके दिवस लेपाचा गुण मी भलत्याच ठिकाणी शोधीत होतो असे माझ्या ध्यानी आले. वर्ण काही बदलत नाही. अव्वांचा जो रंग मी आजवर पाहत आलो आहे तो सुन्निपिंडीने उजळला नाही, आणि माझी प्रतही मिश्रच राहिली. मातीने क्षणभर तेल टिपले जाते, मध-सायीने क्षणभर मऊपणा येतो, एवढेच. मात्र पंधरा-वीस मिनिटे घरातील कोणीही बोलत नाही, कोणीही रागावत नाही, चुलीजवळ जायचे नसल्याने स्वयंपाकावरून वाद नाही, आणि उन्हात जायचे नसल्याने बाजारची कामे नाहीत. कोणत्याही सरकारने जमावबंदीच्या हुकुमाने जी शांतता प्रस्थापित केली नसेल, ती तीन वाट्यांनी केली.

तेव्हापासून मुखलेपाचा मी कट्टर पुरस्कर्ता झालो आहे. पुतणी नागपूरला परतली, तरी तिने भिंतीवर लावलेला आमच्या चेहऱ्यांचा तक्ता कायम आहे, आणि दुपारी तीनच्या सुमारास, म्हणजे मेहुणे आलापल्लीच्या सागवानाच्या लिलावाची हकीकत प्रारंभापासून सांगावयास घेतात त्या घटकेस, मी स्वतः माती भिजवून त्यांच्यापुढे आणतो. लिंबू अर्थातच वर्ज्य. जाडीच्या बाबतीत त्यांच्यासाठी मी पूर्ण अर्ध्या अंगुळाची शिफारस केली आहे. वाग्भटाची आज्ञा अशी की, लेप वाळला म्हणजे कांती बिघडते, म्हणून तो ओला आहे तोवरच उतरवावा. या आज्ञेचा मी थोडा उदार अर्थ लावतो, आणि लेप कडेने वाळू लागला की लगबगीने त्यावर गुलाबपाणी शिंपडून तो पुनः ओला करतो. माझी ही तत्परता पाहून मेहुण्यांना गहिवरून येते. परंतु शोक आणि भाषण हे दोन्ही शास्त्रतः निषिद्ध असल्यामुळे, ते बिचारे नुसती मान डोलावतात.