आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

‘सिटिझन्स फॉर फायर सेफ्टी’ या नावाआड दडलेल्या कारभाऱ्यांनो,

पत्राच्या आरंभी ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची रीत आहे. तुमच्यासाठी ते शब्द लिहायला हात धजत नाही. तुमच्या संघटनेच्या नावात ‘नागरिक’ होते, पण सभासद होत्या आल्बमार्ल, आयसीएल आणि केमट्युरा या तीन कंपन्या. तिन्ही ज्वालारोधक रसायने विकणाऱ्या. नागरिक त्यात कुठे होता?

2011 मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळापुढे तुमच्या बाजूने भाजलेल्यांवर उपचार करणारे एक नामवंत शल्यविशारद उभे राहिले. उशीने पेट घेतल्यामुळे दगावलेल्या सात आठवड्यांच्या मुलीची कहाणी त्यांनी सांगितली. पुढच्या वर्षी ‘शिकागो ट्रिब्यून’च्या बातमीदारांनी नोंदी तपासल्या, तर तशी मुलगी कुठे सापडलीच नाही. नसलेल्या बाळाच्या नावाने गळा काढून तुम्ही असलेल्या बाळांच्या गाद्यांत रसायने भरत राहिलात. लाज वाटली नाही?

घरे पेटत होती ती सोफ्यावर पडलेल्या सिगारेटींनी. आपोआप विझणारी सिगारेट बनवायला तंबाखूवाले राजी नव्हते, म्हणून दोष फर्निचरवर ढकलला गेला. 1975 च्या कॅलिफोर्नियाच्या नियमाने उघडा फोम 12 सेकंद ज्योतीपुढे टिकला पाहिजे असे ठरवले आणि तुमची दुकाने चालू लागली. खऱ्या आगीत आधी कापड पेटते. ज्वाळा फोमपर्यंत पोचते तेव्हा ती इतकी मोठी झालेली असते, की त्या रसायनाचा उपयोग जवळजवळ उरत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

आणि ते रसायन फोममध्ये स्वस्थ बसत नाही. पीबीडीई हे ज्वालारोधक फोमशी रासायनिक बंधाने जोडलेले नसते. ते सुटते आणि घरातल्या धुळीत मिसळते. रांगणारे मूल त्याच धुळीत हात टेकते, तोच हात तोंडात घालते. अमेरिकेत तपासलेल्या लहान मुलांच्या रक्तात हे रसायन त्यांच्या आयांपेक्षा जास्त सापडले. स्वीडनमध्ये मातांच्या दुधातले त्याचे प्रमाण 1972 ते 1997 या काळात दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेले.

मेंदू घडताना पेशींना जन्मस्थान सोडून आपापल्या जागी जावे लागते, तिथे मज्जापेशी किंवा त्यांची आधारपेशी व्हावे लागते. या कामाला थायरॉइडचे संप्रेरक लागते. पीबीडीईची घडण त्या संप्रेरकाशी मिळतीजुळती. जर्मनीतल्या संशोधकांनी 2010 मध्ये मानवी मेंदूच्या मूळपेशींवर ते वापरून पाहिले, तेव्हा पेशींचे स्थलांतरही मंदावले आणि घडणही. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधला अभ्यास आला: नाळेच्या रक्तात ज्यांच्या हे जास्त, ती मुले पुढे बुद्धीच्या चाचण्यांत मागे. 2013 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सलीनास खोऱ्यातल्या शेतमजुरांच्या मुलांतही तेच दिसले, एकाग्रताही कमी. शेतात राबणाऱ्या त्या आयांनी तुमचे काय बिघडवले होते?

2004 च्या सुमारास अमेरिकेत पीबीडीईपैकी पेंटा-बीडीईचे उत्पादन थांबले. तुम्ही थांबलात का? ‘ट्रिस’ नावाचे क्लोरीनयुक्त रसायन 1970 च्या दशकाच्या अखेरीस मुलांच्या रात्रीच्या कपड्यांतून हटवावे लागले होते. 2011 मध्ये बाळांच्या 101 वस्तूंतला फोम तपासला, तेव्हा सर्वांत जास्त वेळा सापडले ते हेच. ज्या ऑर्गनोफॉस्फेट गटात ते मोडते, त्यातली रसायने मज्जातंतूंभोवती मायलिनचे वेष्टण चढवणाऱ्या पेशींना प्रौढच होऊ देत नाहीत, असे 2024 मध्ये क्लीव्हलंडच्या प्रयोगशाळेत दिसले. ते वेष्टण नीट चढले नाही, तर संदेश वेगाने धावणार कसे?

कॅलिफोर्नियाच्या बे एरियात आमची कितीतरी मराठी कुटुंबे राहतात. 1975 चा तो फोमचा नियम बदलला 2013 मध्ये. त्याआधी घेतलेले सोफे अजून कितीतरी दिवाणखान्यांत असतील. तुमच्या नफ्यातून ते बदलून द्या. आणि यापुढे बाळाच्या गादीत जे घालायचे असेल, ते मेंदूच्या पेशींवर काय करते याचा पुरावा आधी तुम्ही आणा. तपासणी बाळांच्या रक्तात नको.

एक संतप्त वाचक