परवानगीचा अर्जच आला नाही

कोल्हापूरकरांना मोर्चा काढायला कारण लागत नाही, असं बाहेरचे लोक म्हणतात. साफ खोटं. कारण लागतं, फक्त ते फार शोधावं लागत नाही. टोल नको म्हणून आम्ही रस्त्यावर उतरलो आणि तो घालवूनच घरी गेलो. हायकोर्टाच्या बेंचसाठी वकीलमंडळी चाळीसेक वर्षं भांडली, तेव्हा कुठे 17 ऑगस्ट 2025 ला सर्किट बेंच आलं. त्याच महिन्यात माधुरी हत्तिणीसाठी हजारो माणसं नांदणीहून कलेक्टर कचेरीपर्यंत चालत आली. हत्तीण आमची, ती गुजरातला नेली, एवढं पुरलं.

माजी सैनिकांचाही या जिल्ह्यात तोटा नाही. सैनिक टाकळीत तर घरोघरी फौजी. टेंबलाईच्या टेकडीवर टेरिटोरियल आर्मीची बटालियन. भरतीचा मेळावा लागला की आदल्या रात्रीपासून पोरं फुटपाथवर झोपतात. तर अशा या शहरानं सगळे मोर्चे पाहिले, एक सोडून: समलिंगी फौजींचा. पोलिसांनी परवानगी नाकारली म्हणावं, तर अर्जच आलेला नाही. याचा सरळ अर्थ असे फौजी नाहीतच, असा आमच्या कट्ट्यावर लावला जातो.

कट्ट्यावरचे सुभेदारसाहेब तर छातीठोक सांगतात, ‘‘अठ्ठावीस वर्षं काढली. आमच्यात असलं काय नसतंय.’’ कुणाला विचारलं होतं का, म्हटल्यावर म्हणाले, ‘‘असलं कोण इचारतंय व्हय?’’

ही पाहणीची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. अमेरिकेनं 1993 मध्ये तिचा कायदाच केला होता. वरिष्ठांनी विचारायचं नाही, सैनिकानं सांगायचं नाही. कळलंच, तर घरी. कळून घरी गेलेल्यांचा आकडा तेरा हजारांच्या वर गेला. शेवटी 2010 मध्ये इराकहून आलेला लेफ्टनंट डॅन चोई गणवेश घालून व्हाइट हाऊसवर गेला आणि त्यानं स्वतःला कुंपणाला बेड्यांनी अडकवून घेतलं. सप्टेंबर 2011 मध्ये तो नियम गेला. कुंपणाला अडकवून घेण्याचं तंत्र बिंदू चौकात शिकलेल्यांना नवीन नाही, पण गणवेशात? आमच्याकडे त्याचं पुढचं सगळं आयुष्य अर्ज-विनंत्यांत गेलं असतं.

आपल्याकडे 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टानं कलम 377 चा काटा काढला आणि प्रौढांचं राजीखुशीचं नातं गुन्हा राहिलं नाही. चारच महिन्यांनी, जानेवारी 2019 मध्ये, लष्करप्रमुख बिपिन रावत यांनी वार्षिक पत्रकार परिषदेत सांगून टाकलं की लष्करात हे चालू देणार नाही; लष्कर ना आधुनिक झालंय ना पाश्चात्त्य. बरोबरच आहे. तोफ स्वीडनची, विमान फ्रान्सचं. निदान प्रेम तरी स्वदेशी हवं. शिवाय घटनेचं कलम 33 आहेच, त्यानुसार फौजींच्या मूलभूत हक्कांना संसद कात्री लावू शकते. 1950 च्या आर्मी ॲक्टमधलं कलम 46 ‘अनैसर्गिक’ वर्तनासाठी सात वर्षांपर्यंत कैद सांगतं. जवान रजेवर एसटीनं गावी आला, तरी हा कायदा ट्रंकेतून त्याच्यासोबत येतो.

असं कुणी नाहीच, तर कलम कशाला? आग लागत नाही म्हणून बंब विकायचा नसतो, हे त्यावर सुभेदारांचं उत्तर.

मेजर जे. सुरेश यांनी मात्र घोळ केला. लष्कर सोडल्यावर 2020 मध्ये त्यांनी आपण समलिंगी आहोत हे जाहीर सांगितलं. त्यावरून दिग्दर्शक ओनीर यांना सिनेमा सुचला. पटकथा संरक्षण खात्याकडे गेली आणि 2022 च्या जानेवारीत कळलं की ना हरकत मिळणार नाही. काश्मीरमधला जवान आणि तिथला एक तरुण यांच्या प्रेमानं लष्कराची प्रतिमा डागाळते, सुरक्षेचेही प्रश्न येतात, असा खुलासा पुढे लोकसभेत झाला. पडद्यावरच्या जवानानं काश्मिरी मुलीमागे बर्फात गाणं म्हणत पळावं, त्यात सुरक्षेला काही होत नाही. बहुधा गाण्यामुळे.

इंग्रजांनी तर कमालच केली. त्यांच्या नौदलातला जो औसालिस नावाचा सैनिक फॉकलंडच्या युद्धात लढला, 1993 मध्ये त्याला लैंगिकतेवरून काढलं आणि दीर्घ सेवा व सद्वर्तनाचं पदक काढून घेतलं. सेवा झालेली, वर्तनही झालेलं. पदक तेवढं मागे. डिसेंबर 2019 मध्ये ते परत दिलं. 2023 मध्ये पंतप्रधान सुनक यांनी अशा सगळ्या सैनिकांची संसदेत माफी मागितली, भरपाई सत्तर हजार पौंडांपर्यंत गेली. आपल्या फौजेचे बरेचसे कायदेकानू मुळात त्यांचेच. ते आपण जपून ठेवले, ही वारसा-संवर्धनाची गोष्ट आहे.

आमच्या शाहूनगरीला हे पचायला जड का जावं? शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात चहा घेतला, त्या एका कपावर आम्ही शंभर वर्षं भाषणं करतोय. नवा कप अजून कुणी मागवलेला नाही.

आणि मागवला तरी खर्च कागदाचाच आहे. फौजीचं लग्न झालं की पार्ट टू ऑर्डर निघते. ती निघाली की बायकोचं नाव रेकॉर्डला लागतं, मग कँटीनचं कार्ड, ईसीएचएसचा दवाखाना, पुढे फॅमिली पेन्शन. दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या संसाराची पार्ट टू ऑर्डर कुठल्याच युनिटात निघत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानंही लग्नाचा विषय संसदेकडे टोलवला. म्हणजे जन्मभराचा जोडीदार रेकॉर्ड ऑफिसच्या लेखी भाडेकरू.

परवा सुभेदार एकदम म्हणाले, ‘‘एक व्हता आमच्या कंपनीत. नेमबाजीत पयला. लई चांगला गडी.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय, कळलं कुणालातरी. कागद टाकून गेला.’’

‘‘अहो, पण तुम्ही तर म्हणत होता तुमच्यात एकही नाही!’’

सुभेदार वैतागले. ‘‘त्येच सांगतोय की! व्हता तवा कुणाला म्हाईत न्हवतं, आन् म्हाईत झालं तवा त्यो न्हवता. मग आमच्यात कुठनं आला?’’