शेजाऱ्याला विचारा

नांदेडहून येणाऱ्या गाडीला वारंगा फाट्यावर दोन वाटा असतात. एक हदगावकडून नागपूरला जाते, दुसरी आखाडा बाळापूर, कळमनुरी करत हिंगोलीला. सरकारी पैशालाही असाच फाटा फुटतो, हे कोरोनात कळलं.

२६ मार्च २०२०. टाळेबंदीचा दुसरा दिवस. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात शेतकऱ्याच्या वाट्याला काय? ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना दोन-दोन हजार. आता हे दोन हजार म्हणजे २०१९ पासून चालू असलेल्या पीएम-किसानचा हप्ता. वर्षाला सहा हजार, तीन हप्त्यांत. एप्रिल ते जुलैचा हप्ता तसाही यायचाच होता, तो एप्रिलच्या सुरुवातीलाच टाकला. सालगड्याला ठरलेली उचल चार दिवस आधी द्यायची आणि वर उपकार केले म्हणून सांगायचं, तसलं हे काम. चार महिन्यांवर वाटले तर रोजचे सोळा-सतरा रुपये. फाट्यावर एक चहा होतो. तिथल्या खिचडीचं नाव काढू नका.

पण पारदर्शकता बघा! पीएम-किसानच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा, आख्ख्या गावाची यादी समोर येते. कर्जमाफीच्या याद्याही अशाच ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागल्या. कुणाचं किती थकलं, पारावरच्या पोरासोरांनाही पाठ.

एवढी उघडी यादी असूनही भलत्यांना पैसे गेलेच. जुलै २०२१ मध्ये कृषिमंत्र्यांनी संसदेत आकडा दिला : ४२ लाखांहून अधिक अपात्र लोक, जवळपास तीन हजार कोटी रुपये. त्याआधी माहिती अधिकारात बाहेर आलं होतं की तोवर सापडलेल्या अपात्रांत निम्म्याहून जास्त आयकर भरणारे. म्हणजे सरकार एका हाताने त्यांचा कर घेत होतं आणि दुसऱ्या हाताने त्यांना हप्ता देत होतं. हात दोन्ही सरकारचेच, पण ओळख नव्हती. पुढे वसुलीच्या नोटिसा मात्र तहसिलातून बिनचूक निघाल्या.

आता दुसरी वाट. पॅकेज जाहीर झालं त्याच आठवड्यात, २७ मार्चला, देणग्यांसाठीच्या पीएम केअर्स निधीची नोंदणी झाली. ३१ मार्चपर्यंतच्या पाच दिवसांत त्यात ३,०७६ कोटी जमा. पंतप्रधान अध्यक्ष, तीन केंद्रीय मंत्री विश्वस्त, बोधचिन्ह म्हणून अशोकस्तंभ. पैसे दिले कुणी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : हा निधी ‘सार्वजनिक प्राधिकरण’ नाही, माहिती अधिकार लागू नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात तर सांगितलं गेलं की हा भारत सरकारचा निधीच नव्हे. लेखापरीक्षित हिशेब संकेतस्थळावर टाकले आहेत, हे कबूल करायला हवं. तेवढा हिशेब गावातली भिशीवाली बाईसुद्धा देते, आणि ती नावंही सांगते.

घेणाऱ्याचं नाव चव्हाट्यावर, देणाऱ्याचं नाव कुलुपात. दोन हजार घेणारा सातबारा, आधार, पासबुक घेऊन रांगेत उभा राहतो; कोटी देणाऱ्याने साधं नावही सांगायचं नाही. गावाची यादी झाका, असं माझं म्हणणं नाही. ती राहू द्या, त्याने चोरी सापडते. तशीच एक यादी दिल्लीचीही लावा. भिंत आम्ही देतो, खळही आमची.

तोवर, हप्ता पडला की नाही ते बघायला बँकेत हेलपाटा घालू नका. शेजाऱ्याला विचारा. त्याने तुमच्या आधी बघितलेलं असतं.