चढाई, पकड आणि लॅपटॉप : नवशिक्या कबड्डी प्रशिक्षकांसाठी सॉफ्टवेअर-खरेदी मार्गदर्शिका

अभिनंदन! तुमचं मंडळ उपांत्यपूर्व फेरीत हरलं आहे. व्हिडिओ विश्लेषणाचं सॉफ्टवेअर घ्यायला याहून चांगला मुहूर्त नाही. जिंकलेलं मंडळ बँजो लावतं. सॉफ्टवेअर घ्यायची बुद्धी हरल्यावरच होते. पंच झोपले होते, मॅट निसरडी होती, समोरच्यांनी बाहेरचे दोघे भलत्याच नावाने उतरवले होते, ही तिन्ही कारणं वापरून झाली की चौथं कारण पुढे येतं : ‘आपल्याकडे ॲनालिसिस नव्हतं.’

खालच्या पायऱ्या क्रमाने पाळल्यास कोणत्याही मंडळाला एका हंगामात सॉफ्टवेअर निवडता येईल. त्यामुळे खेळात काडीचाही फरक पडणार नाही, याची हमी आम्ही घेतो.

पायरी १ : प्रश्न ठरवू नका

नवशिके इथेच घाई करतात. ‘तिसऱ्या चढाईला आपला गडी कुठे सापडतो?’ किंवा ‘आपले सहा-सात जण मैदानात असताना समोरचा बोनस कुठल्या बाजूने नेतो?’ असा एकच नेमका प्रश्न घेऊन बसलात, तर चहा यायच्या आत कळेल की एक मोबाइल, एक ट्रायपॉड आणि रकाने आखलेला एक कागद एवढ्यावर भागतंय. मग समितीने करायचं काय?

तेव्हा आधी समिती नेमा. तीत अध्यक्ष, खजिनदार, कधीकाळी जिल्ह्याकडून खेळलेले एक काका, प्रायोजकाचा माणूस आणि ‘त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं’ म्हणून खजिनदारांचा भाचा असावा. प्रशिक्षकाला निमंत्रित म्हणून बोलवावं. त्याला मत नसावं, फक्त कालच्या पराभवाचा खुलासा असावा.

पायरी २ : वैशिष्ट्यांचा तक्ता करा

बाजारातली सॉफ्टवेअरं ढोबळमानाने दोन कामं करतात. काही एका खेळाडूचं तंत्र उलगडतात : घोटा धरताना गुडघा किती वाकला, उडीत पाय कुठून उचलला. काही सामना मोजतात : कोणाची चढाई, कुठल्या बाजूला, निकाल काय. कामं वेगळी, म्हणून साधनंही वेगळी. हे समितीत बोलू नका. एकदा बोललात की अर्धा तक्ता आपोआप गळतो आणि बैठक वेळेआधी संपते.

पहिल्या रांगेत किनोव्हिया लिहा आणि लगेच खोडा. ते विंडोजवर चालतं, मुक्तस्रोत आहे, फुकट आहे. एकेक फ्रेम पुढे नेता येते, कोन मोजता येतो, स्टॉपवॉच लावता येतं, दोन चित्रफिती शेजारी ठेवून ताडून बघता येतात. जिल्हा पातळीवरच्या मंडळाला तंत्रासाठी एवढं पुष्कळ आहे. पण फुकटच्या वस्तूचं उद्घाटन होत नाही, आणि प्रायोजकाला फोटोत कुठेतरी उभं करावं लागतं.

दुसऱ्या रांगेत डार्टफिश. स्वित्झर्लंडची कंपनी आहे. एकाच हालचालीचे सगळे टप्पे एका चित्रात उमटवण्याची तिची करामत जिम्नॅस्ट किंवा उंच उडीवाल्यावर फार देखणी दिसते. कबड्डीत मात्र हातात हात गुंफून सरकणाऱ्या बचावाचे टप्पे एकावर एक उमटले की थेट आषाढातली दिंडी दिसते. समितीला ती आवडेल.

तिसऱ्या रांगेत हडल कंपनीचं स्पोर्ट्सकोड. मोठमोठे व्यावसायिक संघ ते वापरतात. ते मॅकवर चालतं, म्हणजे आधी मॅक घ्यावा लागेल. ही जमेची बाजू धरा. त्यात टॅगची बटणं आपल्याला हवी तशी मांडता येतात. त्यासाठी काय हवंय ते आधी माहीत असावं लागतं, आणि पायरी १ नुसार ते तुम्हाला माहीत नाही. म्हणून हे सर्वांत पात्र.

पायरी ३ : चित्रणाचा विचार सर्वांत शेवटी करा

सॉफ्टवेअर कितीही भारी असलं तरी चित्रणात जे नाही ते त्याला काढून देता येत नाही. ही गोष्ट खरेदीनंतर कळण्यात वेगळी गंमत असते.

पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. अंतिम रेषेमागे उंचावर कॅमेरा लावला तर साखळी दिसते, दोन्ही कोपरे दिसतात, कुणी कुणाचा हात कधी सोडला तेही दिसतं. पण बोनस दिसत नाही. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा. एक पाय रेषेपलीकडे टेकलेला आणि मागचा हवेत होता का, हे बघायला कॅमेरा त्या रेषेच्या सरळीत, बाजूला हवा. तसा लावलात तर पलीकडचा कोपरारक्षक मधल्यांच्या आड जातो. एका कॅमेऱ्यात दोन्ही मावत नाहीत. म्हणजे पुन्हा ठरवणं आलं : तुम्हाला साखळी बघायची आहे की बोनस? ठरवू नका. कॅमेरा प्रेक्षकांत बसलेल्या सर्वांत उत्साही पोराच्या हातात द्या. चढाई रंगात आली की तो उडी मारेल, आणि हंगामातल्या सर्वोत्तम पकडीच्या जागी तुमच्याकडे मांडवाच्या कापडाचं स्पष्ट चित्रण राहील.

फ्रेमचंही तसंच. मोबाइल साधारणपणे सेकंदाला ३० फ्रेम टिपतो. सेकंदाला ५ मीटर वेगाने गेलेला हात दोन फ्रेमांच्या मधे १७ सेंटिमीटर सरकलेला असतो. ‘लागला, नाही लागला’ हा अख्खा वाद त्या १७ सेंटिमीटरांत मावतो. म्हणून भाचा २४० फ्रेमचं स्लो मोशन लावेल. मग नवा घोळ. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, २४० फ्रेमवाल्या कॅमेऱ्याला जाणवतं. चित्रण लुकलुकत राहतं, वर फ्रेम वाढल्या की प्रत्येक फ्रेमला उजेड कमी पडतो. ६० फ्रेम, स्थिर ट्रायपॉड आणि चांगला उजेड एवढ्यात प्रशिक्षकाचं बहुतेक काम होतं. पण उजेड कुठल्याही सॉफ्टवेअरच्या पॅकेजात येत नसल्याने तो मुद्दा पुढच्या बैठकीवर ढकला.

पायरी ४ : ‘एआय’ आहे का, ते विचारा

आहे, असंच उत्तर मिळेल. विक्रेता सांगेल की कॅमेरामनची गरज नाही, कॅमेरा स्वतःच खेळाच्या मागे फिरतो. यातले बरेच कॅमेरे फुटबॉलसारख्या खेळांत चेंडू शोधून त्याच्या मागे जातात. २०२० साली स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेस कॅलेडोनियन थिसल क्लबाने असा कॅमेरा लावला आणि घरबसल्या सामना बघणाऱ्या चाहत्यांना बराच वेळ रेषापंचाचं टक्कल पाहावं लागलं. चकाकणारी गोल वस्तू म्हणजे चेंडू, असा यंत्राचा समज झाला होता.

कबड्डीत तर चेंडूच नाही. तेव्हा तो कॅमेरा कशाच्या मागे जाईल, हे विक्रेत्याला अवश्य विचारा आणि पहिल्या सामन्याला अध्यक्षांना टोपी घालून बसवा.

खेळाडूच्या अंगावर सांध्यांचा सांगाडा काढून दाखवणारी तंत्रंही आता मोबाइलवर मिळतात. एकटा माणूस समोर पळत असेल तर ती चांगली चालतात. पकडीत पाच जण एकावर एक पडले की कुठला गुडघा कुणाचा हे त्यांना कळत नाही. खुद्द त्या पाच जणांनाही त्या वेळी ते कळत नसतं, त्यामुळे यंत्राला दोष देऊ नये.

पायरी ५ : खजिनदारांना विश्वासात घेऊ नका

पैसे एकदाच भरायचे आहेत, असंच सांगा. बहुतेक सॉफ्टवेअरची आता वार्षिक वर्गणी असते. ज्या माणसाने हयातभर दारोदार फिरून वर्गणी गोळा केली त्याला दरसाल वर्गणी भरायला लावणं हा छळ आहे, तो जितका उशिरा कळेल तितका बरा.

साठवणुकीचाही विषय काढू नका. साध्या दर्जाच्या चित्रणाला मिनिटाला १०० एमबी धरले तरी ४० मिनिटांच्या खेळाचे ४ जीबी होतात. मध्यंतर, टाइम-आउट आणि पंचांशी हुज्जत वेगळी. स्पर्धेचे सहा सामने, दोन कॅमेरे. हे सगळं भाच्याच्या लॅपटॉपवर राहील आणि जूनमध्ये भाचा नोकरीला पुण्याला जाईल.

खरेदीआधी एक प्रश्न मात्र चुकूनही विचारू नका : ‘उद्या हे बंद पडलं तर आमच्या नोंदी साध्या तक्त्यात बाहेर काढता येतील का?’ प्रशिक्षकांमध्ये चांगलंच लोकप्रिय असलेलं कोचेस आय हे ॲप टेकस्मिथ कंपनीने २०२२ साली बंद केलं. असं होऊ शकतं हे समितीला कळलं, तर ती वहीकडे वळण्याचा धोका असतो.

पायरी ६ : जमेल तेवढे टॅग लावा

एका सामन्यात ८०च्या आसपास चढाया होतात. चढाईपटू कोण, डावीकडून शिरला की उजवीकडून, समोर बचावात किती जण, चढाई पहिली, दुसरी की तिसरी, गुण हाताने, पायाने की बोनस, पकड कुणी सुरू केली : हे सहा रकाने एका बसणीत भरून होतात आणि त्यांतून कामाचं काही हाती लागू शकतं. म्हणून तुम्ही चाळीस रकाने करा. त्यांत ‘जिगर’, ‘देहबोली’ आणि ‘इतर’ हे असलेच पाहिजेत. तिसऱ्या सामन्यापासून सगळ्या नोंदी ‘इतर’मध्ये जातील.

समितीतल्या काकांना मोजणीची नावड असेल तर त्यांना चार्ल्स रीप यांची गोष्ट सांगा. ते ब्रिटिश हवाई दलातले हिशेबाचे अधिकारी. १९५० साली स्विंडन टाउनचा फुटबॉल सामना बघताना पहिल्या अर्ध्यातला खेळ पाहून ते वैतागले आणि दुसऱ्या अर्ध्यात वही-पेन्सिल काढून चाली टिपायला लागले. पुढे कित्येक वर्षं टिपत राहिले. बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांत होतात असं त्यांना आढळलं आणि लांब चेंडू मारण्याच्या खेळाला त्यातून मोठं बळ मिळालं. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं की मुळात बहुतेक चालीच तेवढ्या छोट्या असतात. पासांची लांब साखळी जमली तर गोलाची शक्यता उलट वाढते. मोजणी चोख होती, भागाकार राहिला होता.

हा भागाकार तुमच्याही मंडळात राहू द्या. ‘डाव्या कोपऱ्यावर ९ गुण गेले’ एवढंच लिहा. चढाया त्या कोपऱ्यावर किती झाल्या, हे लिहू नका. ३० चढायांत ९ गेले असतील तर तो पोरगा किल्ला लढवतोय. १२ चढायांत ९ गेले असतील तर त्याला बाकावर बसवायला हवं. त्यातून डाव्या कोपऱ्यावर अध्यक्षांचा पुतण्या खेळत असेल, तर हा रकाना करणं अगदीच असभ्यपणाचं ठरेल.

पायरी ७ : खेळाडूंना सगळंच दाखवा

काही अनुभवी प्रशिक्षक दहा मिनिटांत आटपतात : तीन-चार तुकडे, त्यातला एक तरी चांगल्या पकडीचा, आणि उठून लगेच मॅटवर तीच पकड पुन्हा. तुम्ही असं करू नका. प्रोजेक्टर लावा, पंखा बंद करा आणि अख्खा सामना दाखवा. पहिल्या अर्ध्यात प्रत्येक जण फक्त स्वतःला बघेल, दुसऱ्यात मोबाइल. शेवटी विचारा, ‘काय शिकलात?’ कर्णधार म्हणेल, ‘जर्सीचा रंग बदलायला पाहिजे.’ हे इतिवृत्तात नोंदवा. खरेदीनंतर अमलात येणारा निर्णय बहुधा हाच असतो.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हीएलसी प्लेअर आणि एक्सेलवर भागेल का?
भागेल. व्हीएलसीमध्ये ‘ई’ची कळ दाबली की एकेक फ्रेम पुढे जाते, आणि रकाने एक्सेलमध्ये आखता येतात. पण हे उत्तर या मार्गदर्शिकेत छापलं होतं, असं कुणाला सांगू नका.

महिला संघासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं का?
नाही. मैदान १२ बाय ८ मीटरचं असतं, त्यामुळे कॅमेरा थोडा पुढे घ्यावा लागतो, इतकंच. खरी अडचण ही की त्यांचा सामना लागला की कॅमेरावाला वडापाव खायला जातो.

सॉफ्टवेअरमुळे पंचांचा निर्णय फिरवता येतो का?
तुमच्या मोबाइलमुळे नाही. मात्र पुढल्या हंगामापर्यंत तीच चित्रफीत मंडळाच्या ग्रुपवर फिरवता येते.

तुलना, बैठका सगळं झालं, तरी निवड होत नाहीये. एकच कसोटी सांगा.
जो रकाना आखायचं नाव काढलं की समिती चहा मागवते, तो ज्यात आखता येतो ते सॉफ्टवेअर घ्या. सगळ्यांतच आखता येतो.