पाच फेरे आणि वर थोडं

शाहूवाडी तालुक्यातल्या आमच्या मलकापुरात कुणाच्या दारात मसल कार उभी असल्याचं ऐकिवात नाही. अमेरिकेत 1964 साली पाँटिॲक कंपनीनं मध्यम अंगाच्या गाडीत दांडगं आठ सिलिंडरचं इंजिन बसवून जीटीओ काढली आणि तिकडच्या तरुणांना वेड लागलं. ते तरुण आता म्हातारे झालेत, पण वेड उतरलेलं नाही. अजूनही ते गाडीखाली आडवे होतात आणि मागच्या एक्सलच्या झाकणाचे बोल्ट मोजतात. गाडी शेवरलेट असेल तर प्रश्न एकच, दहाचा की बाराचा? बारा निघाले तर घरात सणासुदीचं वातावरण. आमच्याकडं त्या जागी जीप आहे. तिच्या झाकणाला दहा बोल्ट असतात, तेव्हा या चर्चेत तोंड घालायचा हक्क शाहूवाडी तालुक्यालाही आहे, असं मी धरून चालतो.

माझ्या मामांची जीप सीजे-3बी, म्हणजे उंच बॉनेटची. विलिसनं 1953 साली हे मॉडेल काढलं, तेव्हा नवं इंजिन जुन्या बॉनेटखाली मावेना. शहाण्या माणसानं इंजिन बुटकं केलं असतं, त्यांनी बॉनेट वर उचललं. मुंबईत महिंद्रांनी 1947 पासून विलिसच्या जीपा जोडायला सुरुवात केलेली होतीच. अमेरिकेनं हे उंच कपाळ 1968 मध्ये सोडून दिलं, आपण मात्र पुढं कित्येक वर्षं ते मिरवलं. मामांची जीप आधी सरकारी होती, लिलावात निघाली, एका ठेकेदाराकडं राबली, मग वडापाला लागली आणि आत नऊ, मागं लोंबकळणारे चार आणि टपावर कोंबड्यांची डालगी घेऊन बांबवड्याच्या फेऱ्या मारू लागली. दर मालकानं तिच्यात काही तरी आपलं घातलं. रंग कितवा ते मोजायचं झालं तर पत्रा खरवडावा लागेल. हॉर्न ट्रकचा आहे. मूळचं काय उरलंय असं विचारलं की मामा नंबरप्लेटकडं बोट दाखवायचे. आता तीही बदलायचा नियम आलाय.

मूळचं असण्याचा एवढा सोस कशाला, हेही मला कळत नाही. मलकापूरचं मोठेपणसुद्धा मूळचं कुठं आहे? 1844 च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी विशाळगड पाडला आणि जहागिरीचं ठाणं खाली इथं आलं. गाव ते अंगावर घेऊन बसलं आणि आता कुणी विचारत नाही. तिकडं कोल्हापुरात दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक बाहेर पडते, तिच्या बाबतीत मूळचं म्हणजे काय याला उत्तर असेल. आमच्या जीपच्या बाबतीत हा प्रश्न विचारणाराच अडाणी ठरतो.

तरीही प्रश्न आला, आणि तो पावसाळ्यात आला. गजापूरच्या बाजूला चिखलात मामा फोर-व्हील टाकायचे, जीप चिखलातून म्हशीसारखी डुलत बाहेर यायची. तक्रार नव्हती. पण डांबरी रस्त्याला लागलं की स्टिअरिंग जड व्हायचं, खालून कुंथल्यासारखा आवाज यायचा आणि फोर-व्हीलचा लहान दांडा काही केल्या बाहेर निघायचा नाही. मग जीप थोडी मागं घ्यायची, की दांडा आपोआप सुटायचा. मामांनी यावर स्वतःचा उपाय शोधला होता. डांबर लागलं की उलट्या दिशेनं थोडं जायचं. लोकांना वाटायचं मामा काही तरी विसरून आलेत.

गॅरेजातल्या मिस्त्रींनी हे ऐकून घेतलं आणि खडू मागितला. हातोडी नाही, पाना नाही, खडू. मागचं एक चाक जॅकवर उचललं, दुसऱ्याला दगड लावला, गिअर न्यूट्रल केला. प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ, टायरवर एक रेघ. "चाक बरोबर दोन येढं फिरवा. मी खालनं शाफ्ट मोजतो." एक चाक जमिनीला धरून दुसरं दोन फेरे फिरवलं की शाफ्ट जितके फेरे घेतो, तो त्या एक्सलचा आकडा. गाडीचं हे सगळ्यात मोठं गुपित अशा रीतीनं शाळेतल्या खडूनं बाहेर येतं, याचं मला फार कौतुक वाटलं.

मागचा निघाला पाचला थोडा कमी. मग पुढचा मोजला, तर पाच फेरे आणि वर थोडं. आता हे 'थोडं' किती, यावर गॅरेजात जमलेल्या मंडळींत मतभेद झाले. कुणी म्हणे पाव, कुणी म्हणे अर्धा. एका निवृत्त गुरुजींनी शाफ्टला दोरा गुंडाळून त्याचे भाग पाडायची सूचना केली. मिस्त्री गाडीखालून एवढंच बोलले, "पुढचा त्रेचाळीस-आठचा, मागचा एकोणचाळीस-आठचा. जोडी न्हाई ही."

या दोन आकड्यांमागं एक कथा आहे. महायुद्धातल्या जीपला एकोणचाळीस-आठचा, 4.88 चा एक्सल होता, म्हणजे शाफ्टचे जवळजवळ पाच फेरे झाले की चाकाचा एक. युद्ध संपल्यावर विलिसला गिऱ्हाईक हवं होतं आणि सैनिकांच्या जागी शेतकरी दिसू लागला. 1945 ची नागरी जीप नांगर ओढील, पिठाची गिरणी चालवील अशा जाहिराती झाल्या. नांगराला वेग नको, जोर हवा. म्हणून आकडा 5.38 झाला. एक्सलमधल्या मोठ्या गिअरचे, क्राऊनचे दात 43, त्याला फिरवणाऱ्या लहान पिनियनचे 8. वेग सुमारे दहा टक्क्यांनी घटला, ओढ जवळजवळ तितकीच वाढली. मामांच्या जीपचं पुढचं अंग शेतकऱ्याचं होतं आणि मागचं सैनिकाचं. कुठल्या तरी मालकाच्या काळात मागचा एक्सल तुटला असणार, आणि हाताला लागला तो बसवला गेला असणार.

जीपच्या फोर-व्हीलमध्ये पुढच्या-मागच्या चाकांना समजूत घालणारं मधलं डिफरन्शियल नसतं, दोन्ही शाफ्ट एकत्र जखडतात. बैलजोडीतला एक उचल खाणारा आणि दुसरा रेंगाळणारा असला की जू तिरकं होतं, तसं इथं आतल्या आत व्हायचं. मागची चाकं दहाला अकरा फेरे मारू बघायची आणि पुढची नको म्हणायची. चिखलात चाक घसरून भांडण मिटायचं. डांबरावर घसरायला जागाच नाही, सगळा ताण शाफ्टमध्ये पीळ होऊन बसायचा. मामांचं मागं जाणं म्हणजे तो पीळ उलगडणं होतं. शास्त्र न वाचता ते बरोबर ठिकाणी पोचले होते.

मी सुचवलं की उद्यमनगरात सांगून नवे दात पाडून घ्यावेत. कोल्हापूरच्या लेथवर माझा विश्वास अमाप आहे. परदेशी कॅमेऱ्याची वाट बघत न बसता बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा इथंच बनवला, ते हे गाव. मिस्त्री हसले. क्राऊन आणि पिनियनचे दात वाकडे-तिरके वळणारे असतात, ते लेथवर पडत नाहीत. त्याला ग्लीसनसारखं खास यंत्र लागतं. शिवाय दोन्ही गिअर एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, एकटा क्राऊन किंवा एकटा पिनियन बदलता येत नाही. 43 आणि 8 यांना एकच्या पुढं सामाईक भाजक नाही, म्हणून कुठलाही दात पुन्हा त्याच दाताला भेटायला क्राऊनचे आठ फेरे जावे लागतात. तोवर तो समोरच्या सगळ्यांना भेटून येतो. सगळे सारखे झिजतात. गुरुजी यावर बराच वेळ खूश होते.

मग शोध सुरू झाला. जीपच्या एक्सलचं डिफरन्शियल मधोमध नसतं, एका अंगाला सरकलेलं असतं, त्यामुळं आतल्या दोन शाफ्टांपैकी एक लांब, एक आखूड. फोनवर लोक म्हणायचे, 'आहे की,' आणि प्रत्यक्षात मेटाडोरचा काही तरी भाग दाखवायचे. कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या बाजारातून एकानं फोटो पाठवला, त्यात एक्सल कमी आणि दुकानदाराचा अंगठा जास्त दिसत होता. खरा माल सापडला मलकापूरपासून जवळच्याच एका वाडीत, गोठ्यात. आख्खं हौजिंग जमिनीत अर्धं पुरलेलं आणि त्याला एक म्हैस बांधलेली.

"मावशी, हे इकायचं हाय का?"

"कशाला इकू? दोन वरसं माझी म्हस याला बांधतीया. ह्यो नेलासा तर ती दुसऱ्या खुट्ट्याला हुबी ऱ्हायची न्हाई."

मिस्त्री आधीच उकिडवे बसले होते. बोल्टाखाली आकड्याची पट्टी असायची, ती कधीच गेलेली. त्यांनी झाकणाचे दहाही बोल्ट सोडले, शेणाच्या वासात काळं तेल ओघळलं, आणि फडक्यानं पुसल्यावर क्राऊनच्या कडेला कोरलेलं दिसलं, 43 8. तेलात बुडालेले दात सगळे शाबूत होते. म्हशीच्या पहाऱ्यात राहिलेल्या वस्तूला चोरी आणि गंज दोन्हीची भीती कमी असावी. मामांनी घासाघीस सुरू केली, पण मावशी पैशावर अडल्या नव्हत्या. शेवटी बाभळीचा चांगला जाड खुट्टा आणून, पुरून, वर पैसे द्यायचं ठरलं. म्हशीनं नवा खुट्टा हुंगला, मान हलवली आणि बसली. मावशींनाच जरा वाईट वाटलं.

बसवणं हे शोधण्यापेक्षा कंटाळवाणं, त्यामुळं थोडक्यात सांगतो. यू-बोल्ट रॉकेलमध्ये रात्रभर भिजवूनही कापावेच लागले. पाटे मोकळे झाल्यावर जुनं हौजिंग खाली आलं. नव्याचे बेअरिंग आणि ऑइल सील बदलले. खरी गंमत हबची. जीपच्या शाफ्टचं टोक निमुळतं असतं, हब त्यावर चावीसकट आवळलेला, वर्षानुवर्षं रुतलेला. पुलर लावायचा, ताण द्यायचा आणि वाट बघायची. हातोडीचा एक ठोका, काही नाही. दुसरा ठोका, काही नाही. सगळे चहाला वळले की मागं बंदुकीसारखा बार होतो आणि हब सुटतो. इथं ढिलाई परवडत नाही, कारण या धाटणीच्या एक्सलमध्ये गाडीचा भार शाफ्टवरच असतो. युद्धातल्या जीपचा भार बाहेरच्या नळीवर असायचा, शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहायचं. आमच्याकडं शाफ्ट तुटला तर चाक ओव्हरटेक करून पुढं जातं आणि ड्रायव्हरला आधी वाटतं, बिचाऱ्या कुणाचं तरी चाक निघालं.

मिस्त्रींनी दातांना ब्ल्यू लावून फिरवून बघितलं. ठसा दाताच्या मध्यावर आला तेव्हा त्यांनी झाकण लावलं, नव्वद नंबरचं तेल भरलं. खडू पुन्हा निघाला. पुढं पाच आणि वर थोडं, मागं पाच आणि वर थोडं. गुरुजींनी या वेळी स्वतः फेरे मोजले. मामा जीप आंबा घाटाच्या वाटेला चिखलात घालून परत डांबरावर आले, दांडा बोटानं बाहेर काढला आणि सवयीनं थोडं मागंही गेले.

राहिला काढलेला एक्सल. तो गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवला होता, भंगारात किलोनं जाणार होता. तेवढ्यात आंब्याकडचा एक पोरगा तो बघून थांबला. त्याच्याही जीपला 5.38 चाच एक्सल, पण पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन बसवलेलं. डिझेल सावकाश फिरणारं, रस्त्यावर गाडी पळायच्या आधीच इंजिन ओरडायला लागतं. "मला एकोणचाळीसचाच पायजे हुता ओ, कवापासनं हुडकतोय." म्हणजे आमचा चुकीचा हा याचा बरोबरचा. मामांचे डोळे चमकले. मिस्त्रींनी मात्र हात वर करून त्यांना थांबवलं.

"थांब. पुढचा कुठला हाय?"

"पुढचा न्हाईच. गेल्या साली इकून टाकला."

"मग ने," मिस्त्री म्हणाले, आणि मामांनी भाव दोनशेनं वाढवला.