नऊ पॉइंट आठ

महाराष्ट्रातल्या विज्ञान शाखेच्या मुलांना फिजिक्स-केमिस्ट्रीत कुणी मदत करत नाही, अशी ओरड करणाऱ्यांनी एकदा जानेवारीत ज्युनिअर कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानाशी उभं राहावं. जर्नल सर्टिफाय करून घ्यायचे दिवस असतात. मदत तिथं पानामागून पान बाहेर पडत असते, हाताला गरम लागेल इतकी ताजी.

बारावीचं जर्नल ही आपल्याकडं वारसाहक्कानं जाणारी मालमत्ता आहे. सातबाऱ्यावरून भाऊबंदकी होते, जर्नलवरून होत नाही, एवढाच फरक. थोरल्या बहिणीचं धाकट्याकडं, त्याच्याकडून शेजारच्या विंगमधल्या मुलाकडं. त्यातले आकडे पहिल्यांदा कुणी घेतले, त्या मूळ पुरुषाचा पत्ता लागत नाही. त्यानं केव्हातरी ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये पोटॅशियम परमँगनेट सोडलं, ब्युरेटवर नजर टाकली आणि लिहिलं: ९.८ मिलिलिटर. तेव्हापासून त्या कॉलेजात निसर्गाला दुसरा आकडा दाखवायची मुभा उरलेली नाही. पायलट रीडिंग 'नऊ ते दहा', पहिलं ९.८, दुसरं ९.८, तिसरं ९.८, सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, ९.८. मधल्या काळात ब्युरेट फुटल्या, द्रावणं करणारे रिटायर झाले, पाणी विहिरीचं होतं ते नळाचं झालं. सीबीआर ढळला नाही. अकरावीत लंबकाच्या प्रयोगातही गुरुत्वत्वरण ९.८च येतं, त्यामुळं पाठांतराचा भार निम्मा होतो. एका मुलानं ते मिलिलिटरमध्ये लिहिलं म्हणतात. सही मिळाली.

आलेखाची गोष्ट आणखी सुबक. आधी पट्टीनं रेघ मारायची, मग तिच्यावर ठिपके द्यायचे. एखादा हुशार असतो तो दोन ठिपके मुद्दाम रेघेच्या जरा बाजूला देतो, खरं वाटावं म्हणून. अशा मुलाला संशोधनात भवितव्य आहे. हे मी थट्टेनं म्हणत नाही. तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा भार मोजणाऱ्या रॉबर्ट मिलिकन यांनी १९१३ च्या निबंधात ५८ थेंबांचे आकडे दिले आणि घेतलेले सगळे थेंब हेच, असं बजावलं. पुढं त्यांच्या वह्या उघडल्या तर त्यात बरेच जास्त थेंब निघाले. १९२३ चं नोबेल त्यांना मिळालं ते मिळालंच. बरं, हवेच्या चिकटपणाचा आकडा चुकीचा धरल्यामुळं त्यांचं उत्तर थोडं कमी आलं होतं. १९७४ साली कॅल्टेकमधल्या पदवीदानाच्या भाषणात रिचर्ड फाइनमन यांनी पुढची गंमत सांगितली: नंतरच्या शास्त्रज्ञांनी ते उत्तर एका झटक्यात सुधारलं नाही, जरा जरा वर सरकवत नेलं. फार वेगळा आकडा आला की त्यांना आपलंच काहीतरी चुकलं असं वाटे. म्हणजे सीनियरचं जर्नल मांडीवर ठेवून प्रयोग करायची पद्धत आपली एकट्याची नाही. आपण फक्त ती झेरॉक्सपर्यंत नेली.

एवढी मदत हात जोडून उभी असताना गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतल्या एका मुलीनं अवदसा आठवल्यासारखं स्वतः टायट्रेशन केलं. कॉनिकल फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड, सल्फ्युरिक ॲसिड, साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवलेलं. वरून परमँगनेटचा पहिला थेंब पडला आणि गुलाबी रंग जाता जाईना. ती बघत राहिली. मग रंग गेला. दुसरा थेंब जरा लवकर विरला, आणि पुढचे तर पडले रे पडले की नाहीसे. तिला प्रश्न पडला: द्रावणं तीच, फ्लास्क तोच, मग सुरुवातीलाच एवढा उशीर का?

सीनियर म्हणाला, "असं काही होत नाही. तू जर्नल नेलं नव्हतंस का?"

वडील आयटीत आहेत, मूळचे मेकॅनिकल. त्यांनी चष्मा लावला, प्रश्न दोनदा वाचला आणि म्हणाले, "बेसिक क्लिअर कर, बाळा." मग कॉल आला.

क्लासच्या सरांकडं डाउट काउंटर आहे. रांग असते, टोकन असतं. सरांनी प्रश्न पूर्ण ऐकूनही घेतला, हे नोंदवायला हवं, कारण त्यांना घाई असण्याचं सबळ कारण आहे. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. हिच्या पहिल्या थेंबालाच त्यातले निम्मे गेले असते. "हे येत नाही," सर म्हणाले, "आणि आलंच तर निगेटिव्ह मार्किंग नाहीये. बी टाकायचं आणि पुढं जायचं."

कॉलेजच्या सरांची गाठ पडायला जरा वेळ लागला. हे इंटिग्रेटेड प्रकरण तुम्हाला माहीतच असेल: प्रवेश कॉलेजात, शिक्षण क्लासात. २०१८ मध्ये शासनानं यावर उपाय म्हणून विज्ञानाच्या ज्युनिअर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. हजेरीला बोट लागतं, बाकीचा विद्यार्थी कुठं आहे हे यंत्र विचारत नाही. सर रिकाम्या वर्गात भेटले. कुणीतरी आपणहून आलंय म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं असावं. प्रश्न ऐकल्यावर मात्र ते सावध झाले. "बोर्डाला विचारत नाहीत," म्हणाले, "आणि तुझी रीडिंग्ज ९.६, ९.७, ९.९ अशी का आहेत? हा कसला सीबीआर? रिपीट कर." लाल पेननं पानभर तिरकी रेघ.

रिपीट करताना लॅबमधले मामा शेजारी येऊन उभे राहिले. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत सॉल्ट ॲनालिसिसला "वास घे की, पोरी, अमोनियम आहे" असं बाटल्या पुसता पुसता सांगणारे हेच. केमिस्ट्रीत त्यांच्याएवढी मदत राज्यात कुणी केली नसेल.

"मामा, पहिला थेंब लवकर जात नाही."

"नाहीच जायचा. गडबड करू नको. पहिला गेल्याबिगर दुसरा सोडायचा न्हाई. एकदा का आत लागलं की मग आपलं आपण भराभरा घेतंय."

का, ते मामांना माहीत नव्हतं. पण असं होतं, हे कबूल करणारा त्या इमारतीतला तो पहिला माणूस.

रात्री तिनं मोबाइलवरच्या एआयला विचारलं. त्यानं आधी 'फारच सुंदर प्रश्न' म्हणून पाठ थोपटली आणि मग नऊ मुद्द्यांत समजावलं. त्यातल्या चौथ्या मुद्द्यात उत्तर होतं, आणि बरोबर होतं: अभिक्रियेत परमँगनेटपासून मँगनीजचे आयन तयार होतात आणि तेच पुढच्या अभिक्रियेचा वेग वाढवतात. सुरुवातीला ते नसतातच, म्हणून उशीर. 'आपलं आपण घेतंय' याला पुस्तकात स्वयंउत्प्रेरण म्हणतात. शेवटी एआयनं विचारलं, "तुमच्यासाठी जर्नलमध्ये लिहिण्याजोगा आदर्श रीडिंगचा तक्ताही तयार करून देऊ का?"

तिनं हो म्हटलं. सबमिशन दुसऱ्या दिवशी होतं.

फेब्रुवारीत प्रॅक्टिकलची परीक्षा झाली. एक्स्टर्नल सर पलीकडच्या गावातल्या कॉलेजचे, तरुण, पहिल्यांदाच आलेले. पोहे खाऊन झाल्यावर ते तिच्या टेबलाशी थांबले, फ्लास्ककडं बघत राहिले आणि म्हणाले, "पहिल्या थेंबाचा रंग जायला वेळ का लागतो गं?"

तिनं तोंड उघडलं. "सर, ते मँगनीज..."

"सर, ते सिलॅबसमध्ये नाहीये," मागून इंटर्नल सर धावत आले. "मुलं घाबरतात हो. आणि अजून दोन बॅचेस आहेत."

पुढच्या आठवड्यात हेच सर त्यांच्या कॉलेजात एक्स्टर्नल म्हणून जाणार होते. तरुण सरांनी मार्कांच्या शीटकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं.

"बरं. ऑक्सिजनचा अणुभार सांग."

"सोळा," इंटर्नल सर म्हणाले.